गेरच्या आत कोणता कॅमेरा न्यायचा? इंदूरमधलं एक प्रकरण

इंदुरात रामबागेच्या बाजूला एका बहीण-भावाचा फोटो स्टुडिओ आहे. बहीण फोटो काढते, धाकटा भाऊ व्हिडिओ सांभाळतो. मी कॅमेरे दुरुस्त करतो. यांच्या वडिलांच्या फिल्मच्या दिवसांपासून या घरचे कॅमेरे माझ्या टेबलावर येतात, त्यामुळे दोघंही मला काका म्हणतात. भाऊ तिला ताई म्हणतो, गिऱ्हाइकंही ताईच म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव ठेवतो.

माघ संपता संपता त्यांच्याकडे एक वेगळं काम आलं. गेर (रंगपंचमीची रंग उधळत जाणारी मिरवणूक) काढणाऱ्या एका मंडळाला रंगपंचमीचे फोटो हवे होते, आणि त्यातले निवडक फोटो २४ बाय ३६ इंचात छापून प्रदर्शन मांडायचं होतं. अट एकच होती, पण अवघड होती: "छपरावरून काढलेले फोटो दरवर्षीच निघतात. आम्हाला गेरच्या आतले पाहिजेत."

इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. होळीनंतर पाचव्या दिवशी, फाल्गुन वद्य पंचमीला, जुन्या शहरातून गेरी निघतात. टोरी कॉर्नर, मल्हारगंज, गोराकुंड, खजुरी बाजार अशा अरुंद रस्त्यांवरून त्या राजवाड्यापुढे येतात. बरोबर पाण्याचे टँकर असतात, त्यांवर मोटर लावलेल्या तोट्या असतात. गुलाल उडवणारी यंत्रं असतात, त्यांना इथे सगळे मिसाइलच म्हणतात. तोटीचं पाणी आणि मिसाइलचा गुलाल तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या गच्चीपर्यंत पोचतो. अलीकडे त्या दिवसापुरता खुद्द राजवाडाही ताडपत्रीनं झाकतात. होळकरांच्या वाड्याला ज्या रंगापासून जपावं लागतं, त्या रंगात कॅमेरा घेऊन उतरायचं होतं.

घरात काय होतं

स्टुडिओत सोनीच्या दोन मिररलेस बॉडी होत्या, म्हणजे आत आरसा नसलेले, लेन्स बदलता येणारे कॅमेरे. एक ए७-४, ३३ मेगापिक्सेलची, २०२१ च्या ऑक्टोबरात जाहीर झालेली. दुसरी जुनी ए७-३, २०१८ ची, २४ मेगापिक्सेलची. लग्नाची सगळी कामं या दोघींवर चालतात. ए७-४ ची बॉडी भारतात आली तेव्हा अडीच लाखांच्या घरात होती. तिच्यावर २४-७० मिलिमीटरची एफ/२.८ झूम लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं) चढवली की बॉडीचे ६५८ ग्रॅम आणि लेन्सचे ६९५ ग्रॅम मिळून सव्वा किलोच्या वर वजन गळ्यात येतं. अक्षय तृतीयेपर्यंतच्या लग्नांच्या तारखा घेतलेल्या होत्या, आणि एक बॉडी जरी आजारी पडली तरी स्टुडिओ लंगडा झाला असता.

भावाचं म्हणणं होतं की ए७-३ ला प्लास्टिकचं पावसाळी कव्हर घालावं आणि जावं. नवीन काही घेऊ नये. ताईनं कुठेतरी ओएम सिस्टमच्या टफ टीजी-७ बद्दल वाचलं होतं: खिशात मावणारा, १५ मीटर खोल पाण्यात चालणारा, २४९ ग्रॅमचा छोटा कॅमेरा. ऑलिंपसचा कॅमेऱ्यांचा व्यवसाय १ जानेवारी २०२१ पासून वेगळ्या कंपनीकडे गेला, आणि त्या कंपनीनं २०२३ मध्ये हा आणला. अमेरिकेत त्याची किंमत ५५० डॉलर ठेवली होती. पण सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चकती, नखाएवढा आणि १२ मेगापिक्सेलचा. "काका, खेळण्यासारखा वाटतो हो. मंडळाला ३६ इंचाचा प्रिंट द्यायचाय," असं ती म्हणाली. म्हणून दोघं माझ्याकडे आले.

मोबाइलचा विचार आम्ही लगेच सोडला. मोबाइलवर आयपी६८ हा धूळ-पाण्यापासून बचावाचा आकडा लिहिलेला असला तरी ओल्या बोटांनी टचस्क्रीन नीट चालत नाही, आणि पाण्यानं बिघडला तर वॉरंटीत धरत नाहीत. ॲक्शन कॅमेरा भावानं सुचवला. व्हिडिओला तो चांगला, पण त्याची नजर फार रुंद असते. चेहरे लहान आणि कडेला ताणलेले येतात, आणि ताईला चेहरेच हवे होते.

पाणी आणि गुलाल यांत जास्त वाईट कोण

रंगपंचमीनंतरच्या आठवड्यात माझ्याकडे जे कॅमेरे येतात, त्यांतले साध्या पाण्यानं गेलेले कमी असतात. पाणी आत गेलं आणि मालकानं लगेच बॅटरी काढून कॅमेरा उघडा वाळवला, तर बरेच कॅमेरे परत उभे राहतात. (तांदळाच्या डब्यात ठेवू नका, ही माझी सगळ्यांना हात जोडून विनंती आहे. तांदूळ ओल ओढत नाही म्हणावं इतकी कमी ओढतो, आणि त्याचं पीठ भेगांत शिरतं.) गुलालाचं तसं नाही. चांगला गुलाल म्हणजे मुळात स्टार्च. कोरडा असताना तो बटणांच्या फटीत, झूमच्या नळीत, फिरणाऱ्या डायलखाली जाऊन बसतो. मग वरून पाणी पडतं आणि त्याची खळ होते. ती वाळली की डायल फिरत नाही, फिरला तर कुरकुरतो. स्वस्त रंगात अभ्रकाची किंवा वाळूची कणी असते, तिनं लेन्सच्या काचेवर ओरखडे येतात. शिवाय कोणीतरी चंदेरी ऑइल पेंट फासलेला हात घेऊन येतोच.

म्हणून "कोणता कॅमेरा पाण्यात चालतो" हा प्रश्न गेरसाठी अर्धाच आहे. भुकटी, पाणी आणि पाण्याचा मारा या तिन्ही गोष्टी एकदम येतात, आणि तिघींची परीक्षा वेगवेगळी आहे.

त्या परीक्षेचं माप म्हणजे आयपी हे दोन आकडे. आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातून ते येतात: पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. टीजी-७ ला कंपनी धुळीसाठी ६ आणि पाण्यासाठी ८ च्या तोडीचा म्हणते. धुळीची चाचणी कशी करतात हे ताईला सांगितल्यावर तिचे डोळे चमकले. बंद पेटीत टाल्कम पावडर उडवत ठेवतात, ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली, आणि त्यात ते यंत्र ठेवतात. म्हणजे जवळजवळ गुलालच. ६ मिळायला आत काहीही जाता कामा नये.

सोनीच्या मिररलेसवर असा आकडाच नाही. धूळ आणि दमटपणा यांचा विचार करून बांधणी केली आहे, पण पूर्ण बचावाची हमी नाही, असं कंपनी स्वतः लिहिते. हे प्रामाणिक आहे आणि लग्नाच्या कामाला पुरेसंही आहे. मिररलेसमध्ये आकडा देणारेही आहेत. ओएम सिस्टमच्याच ओएम-१ ला आयपी५३ आहे. पण त्यातला ३ म्हणजे वरून तिरपा येणारा शिडकावा. टँकरच्या तोटीचा मारा त्यात बसत नाही.

आता पाण्याच्या ८ बद्दल. इथे मी भावा-बहिणीला बराच वेळ बसवून ठेवलं, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. ७ आणि ८ हे आकडे बुडवण्याच्या चाचणीचे आहेत. ५ आणि ६ हे पाण्याच्या झोताचे. पाचच्या चाचणीत ६.३ मिलिमीटरच्या तोंडातून मिनिटाला साडेबारा लिटर पाणी मारतात, सहाच्या चाचणीत १२.५ मिलिमीटरच्या तोंडातून १०० लिटर. आणि मानकात स्पष्ट आहे की ७ किंवा ८ मिळाला म्हणून ५ किंवा ६ आपोआप मिळाला असं होत नाही. ज्याला झोतही सोसतो असं म्हणायचं आहे, त्यानं दोन्ही आकडे वेगळे लिहायचे. शांत पाण्यात दाब सगळीकडून सारखा येतो आणि बॅटरी-कार्डाच्या दाराचं रबर उलट जास्त घट्ट बसतं. झोत एका कडेवर आदळतो, रबराला एका बाजूनं उचलायला बघतो.

मग टँकरच्या तोटीत जोर किती असतो? याचा अंदाज उघड्या डोळ्यांनी करता येतो. सरळ वर मारलेलं पाणी जितक्या मीटरवर जातं, किमान तितक्या मीटर खोलीच्या पाण्याएवढा दाब ते तोटीच्या तोंडाशी देतं. हवेच्या विरोधामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्तच. चौथ्या मजल्याच्या गच्चीला भिजवणारं पाणी म्हणजे बारा-तेरा मीटर धरा. टीजी-७ ची मर्यादा १५ मीटर. म्हणजे तोटीच्या तोंडाशी उभं राहिलं तर हा कॅमेरा मर्यादेच्या अगदी काठावर, आणि तेही ज्या प्रकारच्या दाबाची त्याची परीक्षा झाली त्या प्रकारचा तो दाब नाही. तेच पाणी वर जाऊन फुटलं आणि सर होऊन खाली आलं, की त्यात काही दम राहत नाही. त्या सरीत दिवसभर उभं राहा.

यातून ताईसाठी एकच नियम निघाला: तोटी आपल्याकडे वळली की कॅमेऱ्याची दाराची बाजू तळहातात घ्यायची आणि पाठ फिरवायची. पाणी पडताना भ्यायचं नाही, पाणी येताना जपायचं.

चित्राचा हिशेब

बचावाच्या बाबतीत टीजी-७ पुढे होता हे ठरलं. पण मंडळाला बचावलेला कॅमेरा नको होता, चित्रं हवी होती. ताईची खरी शंका तिथेच होती.

सेन्सरच्या क्षेत्रफळात दोघांत सुमारे तीसपट फरक आहे. ए७-४ चा सेन्सर साधारण ३६ बाय २४ मिलिमीटर, टीजी-७ चा जेमतेम ६.२ बाय ४.६. तीसपट म्हणजे जवळजवळ पाच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). लग्नाच्या हॉलमध्ये, संध्याकाळी, हा फरक उघडा पडतो. छोट्या सेन्सरचे चेहरे आयएसओ (प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) चढवताच मेणासारखे होतात. पण गेर निघते मार्चच्या भर उन्हात, सकाळपासून दुपारपर्यंत. प्रकाशाची तंगी नाही. अशा उजेडात पाच स्टॉपची श्रीमंती बरीचशी पेटीतच राहते.

दुसरी गोष्ट तर उलट्या बाजूची निघाली. छोट्या सेन्सरमुळे टीजी-७ चा एफ/२ हा फोकसच्या खोलीच्या दृष्टीनं फुल फ्रेमवरच्या (ए७-४ एवढ्या सेन्सरवरच्या) एफ/११ सारखा वागतो. लग्नात नवरीच्या मागचं सगळं धुरकट करायला तो निरुपयोगी. गर्दीत, हातभर अंतरावरून, न बघता कॅमेरा वर धरून काढायचं असेल, तेव्हा पुढचा गुलालाचा हात, मधला नाचणारा आणि मागचा टँकर तिन्ही स्वच्छ येणं हेच हवं असतं.

प्रिंटचा हिशेब आम्ही कागदावर मांडला. टीजी-७ ची चौकट ४ बाय ३ ची, ४००० बाय ३००० पिक्सेल. २४ बाय ३६ इंचाला ती ३ बाय २ मध्ये कापली की रुंदीत ४००० पिक्सेल ३६ इंचांत पसरतात, म्हणजे इंचाला १११. ए७-४ चे ७००८ पिक्सेल, इंचाला १९५ च्या आसपास. निरोगी डोळ्याला १११ चा ठिपका अडीच-तीन फुटांपलीकडून सुटा दिसत नाही. तीन फुटी चित्र माणूस चार-पाच पावलांवरून बघतो. तेव्हा चालणार होतं, पण एका अटीवर: चौकट घेतानाच नीट घ्यायची, नंतर कापायला जागा नाही. ए७-४ च्या फाइलमधून अर्धी चौकट कापून टाकली तरी प्रिंट उभा राहतो. इथे ती चैन नाही.

टीजी-७ चे तोटेही त्याच कागदावर लिहिले. शटर स्पीड स्वतः ठरवायची सोय त्यात नाही. शटर प्रायॉरिटी नाही आणि पूर्ण मॅन्युअलही नाही. ऍपर्चरच्या, म्हणजे लेन्सचं तोंड लहान-मोठं करायच्या, मोजक्या पायऱ्या आहेत आणि लहान दिसणारी पायरी प्रत्यक्षात आतली प्रकाश कमी करणारी एनडी काच पुढे आणून मिळते. सर्वांत वेगवान शटर १/२०००. म्हणजे थेंब हवेत गोठवायचा तर ऍपर्चर उघडं ठेवून आयएसओ वर-खाली करत शटरला आडून हाकायचं. डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर नाही, उन्हात पडदा फिका दिसतो. बॅटरी एका भरणीत ३३० फोटोंची सांगतात, ए७-४ ची ५००-च्या वर. आणि बॅटरी बदलायची तर दार उघडावं लागतं, जे गेरमध्ये उघडायचं नाही हे आम्ही शपथेवर ठरवलं.

भावाचा प्लास्टिक कव्हरचा पर्याय मी फेटाळला नाही, पण त्याच्या अडचणी दाखवल्या. पुढची काच उघडीच राहते. हात घालायच्या तोंडातून भुकटी आत येते आणि मग आतच कोंडते. मार्चच्या उन्हात प्लास्टिकखाली घाम धरतो. सगळ्यांत मोठी अडचण मात्र माणसाची आहे. अडीच लाखांचं यंत्र पोटाशी धरलेला माणूस गर्दीच्या आत जात नाही, कडेकडेनं चालतो. त्याचे फोटोही कडेचेच येतात. पाण्याखाली नेणारी खास पेटी मिळते, पण ती घेऊन खजुरी बाजारच्या गर्दीत वळताही येत नाही.

अंगणातली तालीम

ताईनं ओळखीच्या दुकानदारामार्फत टीजी-७ मागवला. रंगपंचमीच्या आधी आम्ही तो त्यांच्या अंगणात भिजवला.

आधी दारं तपासली. बॅटरी-कार्डाचं एक दार आणि चार्जिंगचं दुसरं, दोन्हींना रबरी सील, दोन्हींना कुलपाची कळ. सीलवर एक केस किंवा वाळूचा एक कण अडकला तरी पाण्याला वाट मिळते, म्हणून भिंगानं बघायचं, ब्लोअरनं उडवायचं, बोटानं पुसायचं नाही कारण बोटाचा धागा-मळ तिथेच राहतो. मग दारं लावून बादलीत बुडवला. मग बागेच्या पाइपनं, तोंड दाबून, अंतर कमी करत पाणी मारलं. शेवटी कोरडा गुलाल टाकून पुन्हा पाणी. प्रत्येक वेळी बाहेरून पूर्ण वाळवून मगच दार उघडलं. आत कोरडं.

तालमीतून एक उपयोगी गोष्ट कळली. झूमचा छोटा लिव्हर ओल्या गुलालानं जड होतो. ताईनं ठरवलं की दिवसभर झूम लावायचाच नाही, सर्वांत रुंद २५ मिलिमीटरवरच राहायचं आणि जवळ जायचं असेल तर पायांनी जायचं. याच टोकाला लेन्सचं तोंड एफ/२ पर्यंत उघडतं. झूम केल्यावर ते एफ/४.९ वर येतं. त्यामुळे ही सक्ती तिच्या फायद्याचीच होती. लेन्सवरून पाण्याचा थेंब कसा काढायचा हेही तिनं तिथेच शिकून घेतलं: पुसायचा नाही, फुंकायचा नाही, कॅमेरा जोरात झटकायचा. गुलाल असताना पुसलं की तो काचेवर घासला जातो. कमरेला साध्या पाण्याची बाटली लटकवायची आणि काच धुवायची, हे तिनं स्वतः शोधलं, आणि मला ते फार आवडलं. मिररलेसवाला हे स्वप्नातही करणार नाही.

छपराची बाजू भावानं घेतली. ए७-४ वर ७०-२०० मिलिमीटरची लांबून टिपणारी झूम लेन्स, आणि जवळच ए७-३ वर एक वेगळ्या कंपनीची रोजची झूम लेन्स.

रंगपंचमी

त्या दिवशी मी गोराकुंडाजवळच्या गच्चीवर भावाबरोबर होतो.

वरून ताई दिसत होती तेवढी दिसली, मग गर्दीत मिसळली. दुपारी ती आली तेव्हा तिचा चेहरा ओळखू येत नव्हता आणि कॅमेराही. "काका, मी टँकरच्या खाली गेले होते," ती म्हणाली, "चाकांपाशी. तिथून वर बघितलं की सगळं आकाश गुलाबी." तो फोटो पुढे प्रदर्शनात पहिला लागला. त्यात पाण्याचे थेंब काचेवरही आहेत आणि हवेतही, आणि मधे एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून हसत उभे आहेत. मला फोटोतलं फार कळतं असा माझा दावा नाही, पण तो फोटो सव्वा किलोचा कॅमेरा घेऊन कोणी काढला नसता, हे मी खात्रीनं सांगतो. तिथे तो नेलाच नसता.

छपरावर मात्र जे झालं ते आम्ही धरून चाललो नव्हतो. मिसाइलचा गुलाल वर येतो हे माहीत होतं, पण त्याचा जड भाग खाली बसतो आणि बारीक भाग वाऱ्यावर गच्चीपर्यंत येऊन तिथेच तरंगत राहतो, हे त्या दिवशी नीट दिसलं. गच्ची कोरडी होती, पाणी एकदाच आलं. तरी ए७-३ वरच्या झूम लेन्सच्या नळीत गुलाबी रेषा दिसायला लागली. अशी लेन्स झूम करताना लांब होते, आत हवा ओढते, आणि हवेबरोबर भुकटी. ७०-२०० ला काहीही झालं नाही, कारण तिचा झूम आतल्या आत होतो, लांबी बदलत नाही. हा फरक कंपनीचा नाही, घडणीचा आहे. लांब होणारी कोणतीही झूम लेन्स गुलालात पंपासारखी चालते. ती लेन्स मग माझ्या टेबलावर आली; पुढचा भाग उघडून साफ करावा लागला.

लेन्स बदलायची वेळ आली तेव्हा भावाला मी जिन्यात, दार लावून, बदलायला लावली. मिररलेसमध्ये आरसा नसतो, लेन्स काढली की सेन्सर समोरच असतो. ए७-४ मध्ये बंद करताना शटर पुढे ओढून घ्यायची सोय आहे, ती चालू केलेली होती. ए७-३ मध्ये ती नाही.

गेर पुढे गेली आणि मागून महापालिकेच्या सफाईच्या गाड्या आणि झाडूवाले आले. दरवर्षीसारखा रस्ता बघता बघता धुवून निघाला. भावानं तेही टिपलं, वरून, ७०-२०० नं. गुलाबी रस्ता आणि त्यात मागे उघडत जाणारी काळी पट्टी. ती चौकट छोट्या कॅमेऱ्याच्या हातची नव्हती. इतक्या लांबून ती घ्यायला १०० मिलिमीटरचा झूम कमी पडला असता.

निवड

प्रदर्शनासाठी निवड करताना ताईनं मंडळाला कोणता फोटो कुठल्या कॅमेऱ्याचा हे सांगितलं नाही. तिला बघायचं होतं. मंडळातल्या लोकांनी आतले म्हणून जे निवडले ते टीजी-७ चे होते, साहजिकच. पण एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. चेहरा भरून, डोळ्यांत बघून काढलेले जे फोटो होते, त्यांत ए७-४ चे ७०-२०० वरचेही निवडले गेले, आणि शेजारी शेजारी लावल्यावर त्यांतला फरक दिसतच होता. सावलीत असलेल्या चेहऱ्यांवर छोट्या सेन्सरचा फोटो चपटा पडतो, गुलाबी आणि लाल यांच्यातली पायरी पुसली जाते. सरसकट गुलाबी चेहऱ्यांच्या दिवशी ती पायरी फार मोलाची. ताईनं रॉ फाइल (सेन्सरनं टिपलेली कच्ची माहिती) ठेवल्या होत्या म्हणून थोडं परत आणता आलं, पण जे सेन्सरनं पकडलंच नाही ते कुठून आणणार?

फोकसचंही तसंच. ए७-४ चा डोळा शोधणारा फोकस रंगलेल्या चेहऱ्यावरही बहुतेक वेळा डोळा धरत होता. गॉगल असला की चाचपडायचा. टीजी-७ चा फोकस त्या मानानं मंद, पण खोली एवढी की चुकला तरी दिसत नव्हतं.

व्हिडिओचा आवाज टीजी-७ मधून बोदा आला, कारण माइकच्या छिद्रांवर खळ बसली. हा काही कंपनीचा दोष नव्हे, कोणत्याही छिद्राचं असंच होईल. भावानं गच्चीवरचा आवाज खालच्या चित्राला लावून घेतला.

धुणं आणि पुढचं

संध्याकाळी टीजी-७ दारं बंद ठेवून साध्या पाण्यात भिजत घातला, बटणं पाण्यातच दाबली, मऊ ब्रशनं फटी काढल्या, पाणी बदललं. गुलालाला कोमट पाणी बरं वाटतं असं लोक म्हणतात, पण गरम पाण्यानं स्टार्च घट्ट होतो आणि रबरालाही बरं नाही, म्हणून साधंच. रात्रभर पंख्याखाली वाळला, उन्हात नाही. सकाळी दार उघडलं, सीलच्या बाहेरच्या कडेला गुलाबी रेघ होती, आत काही नाही. रबरी सील वर्षातून एकदा बदलावी असं कंपनीच सांगते. गेरमध्ये नेलेल्या कॅमेऱ्याची मी वर्ष संपायची वाट बघणार नाही. दाराच्या आतल्या बाजूला मी सील बदलल्याची तारीख चिकटवली आहे.

मिररलेस बॉडींना उलट क्रम. आधी कोरडा ब्रश, मग ब्लोअर, मग शेवटी जेमतेम ओलसर कापड. भुकटी बसलेली असताना ओलं कापड लावलं की आपणच तिची खळ करतो.

भावाला वाटायचं की एकदाच्या कामासाठी कॅमेरा घेतला. तसं झालं नाही. चैत्रातल्या एका लग्नात हळदीच्या वेळी वरातीतल्या मुलांनी पाइप काढला, आणि ताई बाजूला न होता आत गेली. पातालपाणीच्या धबधब्याखाली एका जोडप्याचे फोटोही पावसाळ्यात त्यावर निघाले. दमट दिवसात एसी गाडीतून उतरल्यावर काच आतून धूसर होते, तेव्हा कॅमेरा थोडा वेळ पिशवीतच बाहेरच्या हवेला येऊ द्यायचा, हे तिथे कामाला आलं. रात्रीच्या संगीताला मात्र ती त्याला पिशवीतून बाहेर काढत नाही. तिथे ए७-४ आणि एफ/२.८.

पुढच्या रंगपंचमीसाठी मंडळानं पुन्हा विचारलं आहे. ताईनं कळवलेल्या खर्चात एक नवा सीलचा संच आहे, आणखी एक टीजी-७ भाड्यानं मिळाला तर तो भावासाठी, आणि छपरासाठी फक्त आतल्या आत झूम होणारी लेन्स. ए७-३ स्टुडिओतच राहील. गेरमध्ये उतरणाऱ्या दोघांसाठी गॉगलही मी त्यात लिहायला लावले, कारण सीलची तारीख डोळ्यांना चिकटवता येत नाही.